पडद्यावरचा परमार्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आध्यात्मिक सिनेमा म्हणजे पौराणिक चित्रपट आणि संतपटच ना?

त्यातले काही, सगळे नव्हेत. पौराणिक चित्रपट देवाची गोष्ट सांगतो, संतपट भक्ताची. गोष्ट देवाची आहे म्हणून पाहणाऱ्याला आत काही हलल्यासारखं वाटेलच असं नाही. उलट ज्यात देवाचं नावही नाही, असा एखादा चित्रपट संपल्यावर माणूस पाचदहा मिनिटं बोलेनासा होतो. या पानावर आपण त्या दुसऱ्या प्रकारच्या अनुभवाबद्दल बोलतो आहोत, मग तो संतपटातून येवो की तुरुंगातून पळणाऱ्या कैद्याच्या गोष्टीतून.

आपल्याकडे सगुण आणि निर्गुण हे शब्द आहेत, ते इथे फार उपयोगी पडतात. काही दिग्दर्शक देव, चमत्कार, विमान सगळं डोळ्यांसमोर उभं करतात. काही जण मूर्तीच काढून घेतात आणि रिकामी जागा ठेवतात. दोन्ही वाटांनी माणसं पोचलेली आहेत. मात्र दोन्हीकडे एक अट दिसते: प्रपंच खरा हवा. चूल, घड्याळ, चमचा, म्हैस या गोष्टी पडद्यावर खोट्या वाटल्या, तर त्यांच्या पलीकडचं काहीही खरं वाटत नाही.

भारतात याची सुरुवात कुठून धरायची?

दादासाहेब फाळके यांच्यापासूनच. १९१० च्या सुमारास त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनासमोर राम आणि कृष्ण येत होते, असं त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवलं आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला. पण आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाचा आहे १९१९ चा ‘कालियामर्दन’. त्यात कृष्ण झाली आहे फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीला ती साध्या रूपात कॅमेऱ्यासमोर येते, चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव करून दाखवते आणि मग त्याच चौकटीत एक प्रतिमा दुसरीत विरघळून तिचा कृष्ण होतो.

म्हणजे ही आपलीच पोर आहे आणि हे सोंग आहे, असं फाळके आधीच सांगून टाकतात. तरीही पुढे कृष्ण कालियाच्या डोहात उतरतो तेव्हा पाहणाऱ्याचे हात जुळतात. युक्ती उघड केल्याने श्रद्धा उणावत नाही, हे दशावतारी खेळ आणि लळित पाहणाऱ्या लोकांना माहीतच होतं. ते आपल्या सिनेमात पहिल्या दशकातच आलं.

‘संत तुकाराम’ इतका का नावाजला जातो?

१९३६ चा हा प्रभात फिल्म कंपनीचा चित्रपट. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचं, पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. दोघेही दिग्दर्शक कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. प्रभातमध्ये दामले ध्वनीचं काम बघत, फत्तेलाल कलादिग्दर्शनाचं. चित्रपट एका चित्रगृहात वर्षाहून जास्त काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. ही झाली कीर्ती. तो आजही का भिडतो, याची कारणं त्याच्या घडणीत आहेत.

पहिलं कारण विष्णुपंत पागनीस. नाटकात स्त्रीभूमिका केलेला आणि भजनाची सवय असलेला हा नट. त्यांचा तुकाराम डोळे मिटून समाधी लावत नाही, डोळे उघडे ठेवून गातो. तो अभंग ‘सादर’ करत नाही. चालताना, राखण करताना, घरात बसल्याबसल्या गाणं त्याच्या बोलण्यातूनच वर येतं आणि परत बोलण्यात मिसळतं. गाण्यासाठी गोष्ट थांबत नाही. भोळ्यांनी चाली भजनाच्या अंगाच्या ठेवल्या, टाळ-वीणेच्या आसपास. गायकी दाखवायला फारशी जागाच सोडली नाही.

दुसरं कारण शब्द. ‘आधी बीज एकले’ हा अभंग तुकोबांचा नाही. तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला. तो इतका बेमालूम झाला की जाणकारही गाथेत शोधत बसले. भक्तिपटात नवं गीत घालायचं असेल तर कसोटी हीच ठेवावी.

तिसरं आणि आमच्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे गौरी या अभिनेत्रीने केलेली जिजाई. पोर आजारी पडतं तेव्हा ती एका हाताने त्याला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन थेट देवळात जाते, विठोबाला जाब विचारायला. तिच्यासाठी देव काळ्या दगडाचा शेजारी आहे, ज्याने तिच्या नवऱ्याला नादी लावलं. तिची भूक खरी, तिची म्हैस खरी, तिच्या शिव्या खऱ्या. चित्रपटाचं सगळं वजन तिच्या बाजूला आहे, म्हणून तुकाराम हलका होऊन वर जाऊ शकतो. शेवटी वैकुंठाला नेणारं गरुडाचं विमान येतं. तुकोबा तिलाही बोलावतात, पण ती संसार सोडत नाही. विमान वर जातं आणि ती खाली राहते. त्या क्षणी पाहणाऱ्याचे डोळे आकाशापेक्षा तिच्याकडेच लागलेले असतात.

हे नीट पाहायचं असेल तर एक प्रयोग करा. पूर्ण चित्रपट एकदा पाहिल्यावर दुसऱ्यांदा फक्त जिजाईचे प्रसंग सलग पाहा. तुकाराम जवळजवळ नसतानाही तुम्हाला त्याची भक्ती कळेल.

चमत्कार पडद्यावर दाखवला की अनुभव स्वस्त होतो, असं म्हणतात. खरं आहे का?

चमत्कार कशाने विकत घेतला आहे, यावर ते ठरतं. ‘संत तुकाराम’मध्ये गाथा इंद्रायणीतून वर येते, त्याआधी अन्नपाण्याशिवाय नदीकाठी बसणं आहे. ते बसणं खरं वाटलेलं असतं, म्हणून पुढचं ट्रिक दृश्य आज जुनाट दिसलं तरी खटकत नाही.

दुसरं उदाहरण डेन्मार्कचं. कार्ल थिओडोर ड्रायर यांचा ‘ऑर्डेट’ १९५५ सालचा, व्हेनिस महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार सुवर्णसिंह मिळवलेला. मूळ नाटक काय मुंक या धर्मोपदेशकाचं, ज्याची १९४४ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी हत्या केली. बोर्गेन घराण्याची सून इंगर बाळंतपणात जाते. वेडसर समजला जाणारा दीर योहानेस तिला शवपेटीतून उठायला सांगतो, आणि ती उठते.

हे वाचताना हसू येईल, पण पाहताना अंगावर काटा येतो. का? सुमारे १२६ मिनिटांच्या या चित्रपटात शॉट १२० पेक्षाही कमी आहेत, म्हणजे सरासरी एक शॉट मिनिटभराहून मोठा. कॅमेरा त्या घरात सावकाश फिरतो. कॉफी ओतली जाते, दोन शेजारी पंथांवरून भांडतात, डॉक्टर आत-बाहेर करतो. प्रसूतीच्या वेळच्या वेदना आपण फक्त ऐकतो. इंगर गेल्यावर घरातलं घड्याळ बंद केलं जातं. दोन तास आपण त्या घराच्या नियमांनी जगलेलो असतो आणि त्या नियमांत मेलेलं माणूस उठत नाही. मग तिची बोटं हलतात. कुठेही प्रकाशाचा झोत नाही, वाद्यांचा गजर नाही. दुसरा दीर लगेच उठून घड्याळ पुन्हा चालू करतो. इंगर नवऱ्याला बिलगते ती भुकेल्यासारखी, शरीराने. चमत्कार झाल्यावरही ड्रायर जमिनीवरच आहेत.

जिथे चमत्कार फसतो तिथे बहुतेक वेळा एकच चूक असते: आधीचा तासभर घाईत उरकलेला असतो. बिघाड ट्रिक दृश्यात शोधला जातो, तो असतो स्वयंपाकघरात.

‘अतींद्रिय शैली’ हा शब्द सारखा येतो. नेमकं काय ते सोप्या शब्दांत सांगाल का?

अमेरिकी समीक्षक आणि दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी १९७२ मध्ये जपानचे ओझू, फ्रान्सचे ब्रेसाँ आणि डेन्मार्कचे ड्रायर यांना एका धाग्यात ओवून ही मांडणी केली. तिचे तीन टप्पे आहेत. आधी रोजचं, कंटाळवाणं वाटेल इतकं साधं जगणं. मग त्या जगण्यात न मावणारी काहीतरी तगमग, जिचं कारण आजूबाजूच्या परिस्थितीत सापडत नाही. आणि शेवटी स्थिर प्रतिमा, जिथे तगमग सुटत नाही, पण पाहणारा तिच्यासकट शांत होतो.

ओझूंच्या ‘लेट स्प्रिंग’ (१९४९) मध्ये हे बोट ठेवून दाखवता येतं. विधुर बाप आणि त्याची लग्नाची मुलगी नोरिको. लग्नाआधीची शेवटची सहल क्योतोला. रात्री दोघं शेजारी झोपलेली. नोरिको बोलते, बाप उत्तर देत नाही, त्याला झोप लागली आहे. ती छताकडे बघत हसते. मग पडद्यावर येते एक फुलदाणी, मागे खिडकीच्या कागदावर बांबूच्या सावल्या. पुन्हा नोरिको, आता रडवेली. पुन्हा फुलदाणी, आणखी थोडा जास्त वेळ. तिचं रडू फुटतं त्या क्षणी आपल्याला दिलं गेलंय एक भांडं. काय भरायचं ते आपणच भरतो.

लग्न झाल्यावर बाप एकटा घरी येतो, खुर्चीत बसून फळ सोलू लागतो. सालीची लांब पट्टी सुटते, हात थांबतो, मान खाली जाते. बस्स. ओझू कामाकुराच्या एंगाकुजी मंदिरात विसावले आहेत. त्यांच्या समाधीच्या दगडावर एकच अक्षर आहे, ‘मु’. अर्थ साधारण ‘नाही’, ‘शून्य’. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला त्या शून्याची भीती वाटू नये.

एक सावधगिरी. हे तीन टप्पे म्हणजे पाककृती नव्हे. ओझूंच्या फुलदाणीवर अभ्यासकांमध्ये आजही वाद आहेत. काहींच्या मते तिच्यात झेन (जपानी बौद्ध ध्यानपंथ) वगैरे काही नाही. मांडणी वाचण्याआधी चित्रपट पाहा.

ब्रेसाँच्या चित्रपटांतली माणसं इतकी कोरडी का बोलतात?

मुद्दाम. रोबेर ब्रेसाँ मधल्या काळापासून पुढे व्यावसायिक नट घेत नसत आणि घेतलेल्यांना नट म्हणत नसत, ‘मॉडेल’ म्हणत. एकच वाक्य, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून घ्यायचे, इतकी की त्यातला अभिनय झिजून जावा. चेहरा भाव पुरवत नसेल तर पाहणाऱ्याचं लक्ष हातांवर, वस्तूंवर आणि आवाजांवर जातं.

सुरुवातीला त्यांचा ‘अ मॅन एस्केप्ड’ (१९५६) घ्या. नाझींच्या ताब्यातल्या लिऑनच्या माँल्युक तुरुंगातून प्रत्यक्ष पळालेल्या आंद्रे देविन्यी यांच्या हकिकतीवर तो आहे. मुख्य भूमिकेत फ्रांस्वा लतेरिये, तेव्हा तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. चित्रपटाचं नावच सांगतं की तो सुटतो, म्हणजे उत्सुकतेचा नेहमीचा मसाला आधीच टाकून दिलेला. उरतं ते काम. लोखंडी चमचा जमिनीवर घासून त्याची पटाशी करायची. त्या पटाशीने दाराच्या फळ्यांमधल्या सांध्यातलं मऊ लाकूड कातरायचं. भुसा लपवायचा. पलंगाची तार आणि कापड पिळून दोर करायचा. कंदिलाच्या चौकटीचे आकडे वाकवायचे. पहारेकऱ्याची किल्ली कठड्याच्या सळ्यांवर घासत जाते, तो आवाज आला की थांबायचं.

एवढ्या सुतारकामातून प्रार्थना कशी उभी राहते, हे पाहायला हवं. मोझार्टच्या ‘मास’चा, म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या संगीताचा तुकडा अगदी मोजक्या ठिकाणी येतो, आणि तोही बहुधा कैदी अंगणात बादल्या रिकाम्या करायला निघालेले असताना. सावता माळ्याचा कांदा, मुळा, भाजी आठवणाऱ्या मराठी माणसाला हे परकं वाटणार नाही.

संथ म्हणजेच आध्यात्मिक का? मला तर नुसता कंटाळा येतो.

संथपणा हे साधन आहे आणि त्याचा गैरवापरही पुष्कळ होतो. फरक असा ओळखा: लांब शॉटमध्ये काही पणाला लागलं आहे का?

रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या ‘नॉस्टॅल्जिया’ (१९८३) मध्ये एक माणूस पाणी काढून टाकलेल्या कुंडात पेटती मेणबत्ती घेऊन या काठापासून त्या काठापर्यंत जातो. शॉट एकच, सुमारे नऊ मिनिटांचा. वाऱ्याने ज्योत विझते. तो परत सुरुवातीला जातो, पेटवतो, निघतो. पुन्हा विझते. तिसऱ्यांदा पोचतो. मध्ये कुठेही कट असता तर मेणबत्ती खरोखर नेली की नाही, हे कळलं नसतं. सलगपणा हाच पुरावा. आणि त्या माणसाचं हृदय दुबळं आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. पणाला जे लागलं आहे ते हे.

आता याच्या शेजारी एखादा नवखा लघुपट ठेवा, ज्यात एक माणूस चार मिनिटं समुद्राकडे पाठमोरा उभा आहे. काहीही विझू शकत नाही, काहीही पोचायचं नाही. तिथे कंटाळा आला तर दोष तुमचा नाही.

पार्श्वसंगीत किती असावं?

पाहणाऱ्याला काय वाटायला हवं हे संगीताने सांगितलं, की पाहणाऱ्याचं काम संपतं. म्हणून यातले बहुतेक दिग्दर्शक ते फार जपून वापरतात. जर्मन दिग्दर्शक फिलिप ग्रोनिंग यांनी फ्रान्समधल्या ग्रांद शार्त्रूझ या ख्रिस्ती मठावर ‘इनटू ग्रेट सायलेन्स’ (२००५) केला. परवानगी १९८४ मध्ये मागितली, होकार यायला सोळा वर्षं लागली. निवेदन नाही, वरून घातलेलं संगीत नाही, कृत्रिम दिवे नाहीत. पाहणारा हळूहळू कात्रीचा, फावड्याचा, बर्फ वितळण्याचा आवाज ऐकू लागतो. अडीच तासांनी बाहेर आल्यावर रस्ता वेगळा ऐकू येतो.

संगीत हाच विषय असेल तर गोष्ट निराळी. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ (२०२०) मध्ये शरद हा गायक रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकलने जातो, कानात तंबोरा आणि माई या थोर गायिकेची व्याख्यानं. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. दृश्य मंद गतीत आहे, म्हणजे सहसा टाळावी अशीच युक्ती. पण इथे ती उभी राहते, कारण त्या आवाजात मागितली जाणारी साधना आणि शरदचा गळा यांतलं अंतर दर फेरीला वाढत जातं. पोचता न येण्याचं दुःख इतक्या सरळपणे मांडणारा दुसरा मराठी चित्रपट आम्हाला दाखवता येणार नाही.

मी देव मानत नाही. माझ्यासाठी यात काही आहे का?

भरपूर. सत्यजित राय यांचा ‘देवी’ (१९६०) पाहा. सासऱ्याला स्वप्न पडतं आणि सतरा वर्षांची सून जिवंत देवी ठरते. श्रद्धा माणसाला कशी चिरडते याचा तो चित्रपट आहे. उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये (२०११) झाडाखाली झोपलेल्या केश्याला दत्त दिसतात आणि गावात बाजार उभा राहतो. त्या गदारोळात केश्याचं दर्शन मात्र चित्रपट कुठेही खोटं ठरवत नाही, तेवढं नाजूकपणे बाजूला ठेवतो. त्याच दिग्दर्शकाचा ‘विहीर’ (२००९) तर देवाबद्दल नाहीच. जिवलग मावसभाऊ अचानक नाहीसा होतो आणि पोरगा विचारत राहतो, तो गेला कुठे?

भारतातली आणखी उदाहरणं?

जी. अरविंदन यांचा मल्याळम ‘कांचनसीता’ (१९७७) आवर्जून. त्यांनी राम-लक्ष्मणाच्या भूमिका आंध्रातल्या आदिवासींना दिल्या, मुकुट-दागिने काढून टाकले, आणि सीता तर दाखवलीच नाही. वारा सुटतो, पानं हलतात, तीच सीता. त्या काळी अनेकांना राग आला. निर्गुणाची वाट आपल्याच रामायणातून इतकी पुढे नेलेली दुसरीकडे सापडणं कठीण. मणि कौल यांचा ‘दुविधा’ (१९७३) आणि गायिका सिद्धेश्वरीदेवींवरचा ‘सिद्धेश्वरी’ (१९८९) त्यानंतर पाहावेत.

‘जय संतोषी माँ’ (१९७५) सुद्धा यादीतून गाळू नये. लोक चित्रगृहात चपला काढून बसत, पडद्यावर फुलं आणि नाणी टाकत. तिथे पडदाच गाभारा झाला होता. हा अनुभव वेगळ्या जातीचा आहे, दर्शनाचा. त्याला कमी लेखलं तर आपल्या प्रेक्षकाचं अर्धं मन कळणार नाही.

पाहताना झोप लागते. काय करावं?

रात्रीच्या जेवणानंतर लावू नका. सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी हलकं खाऊन बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, उलटा करून शेजारी नको, कारण लक्ष तिकडेच राहतं. पहिली वीस मिनिटं जड जातात. डोळ्यांना नव्या चालीची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच, तिथे सोडू नका. वेग दीडपट करून पाहणं म्हणजे विलंबित ख्याल दुगुनीत ऐकणं. त्यापेक्षा अर्धा चित्रपट नीट पाहा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी.

घरच्या टीव्हीवर दोन गोष्टी आधी बंद करा. एक, हालचाल गुळगुळीत करणारी सोय, मेनूत ती बहुतेक ‘मोशन’ नावाखाली असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी घेतलेला असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः रचतो आणि सगळं मालिकेसारखं दिसू लागतं. दोन, आवाजाचा ‘नाइट मोड’. तो हळू आवाज वाढवतो आणि मोठा दाबतो, त्यामुळे शांततेतला फरकच पुसला जातो.

सोसायटीच्या किंवा ग्रंथालयाच्या हॉलमध्ये दाखवायचा आहे. काय काय लागेल?

सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते चित्राचं प्रमाण. ‘संत तुकाराम’, ‘लेट स्प्रिंग’, ‘ऑर्डेट’ हे सगळे जवळजवळ चौकोनी चौकटीतले, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजचा प्रोजेक्टर १६:९ चा. कोणीतरी ‘पडदा भरत नाही’ म्हणून चित्र ताणतो आणि पागनीस बुटके-जाडे दिसतात. ताणू नका, वरून-खालून कापूही नका. पडदा १० फूट रुंद आणि साधारण साडेपाच फूट उंच असेल तर चित्र सुमारे ७ फूट ८ इंच रुंदीचं येईल, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. त्या राहू द्या. प्रोजेक्टर चित्र समलंब दाखवत असेल तर मेनूतून दुरुस्त करण्यापेक्षा टेबलाची उंची बदला. मेनूतल्या दुरुस्तीने चित्राची धार जाते.

अंधार पूर्ण हवा. दाराखालच्या फटीला सतरंजी लावा. पंखे हा मोठा शत्रू आहे: छताचे चार पंखे चालू असले की ओझूंच्या घरातली शांतता ऐकूच येत नाही. हॉल आधी गार करून घ्या आणि चित्रपटादरम्यान कोपऱ्यातला एखादाच पंखा हळू ठेवा. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्याच्या कानाच्या उंचीवर. आवाज संवादावर बेतू नका. सगळ्यात हळू प्रसंग लावून शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका. जुन्या बोलपटांच्या ध्वनीत खरखर असते. ती घालवायला उच्च स्वर फार कमी केले तर अभंगाचे शब्द बोथट होतात. थोडी खरखर परवडली.

मध्यंतर ‘संत तुकाराम’ला चालेल. ‘ऑर्डेट’ आणि ‘नॉस्टॅल्जिया’ला अजिबात नको. चहा आधी द्या.

हक्कांचं काय?

भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. त्या हिशेबाने १९३६ च्या चित्रपटाची मुदत १९९६ अखेर संपली. पण तुमच्या हातातली प्रत नव्याने दुरुस्त केलेली असेल किंवा उपशीर्षकं कोणी तयार केलेली असतील, तर त्यांच्या अटी आधी विचारा. परदेशी चित्रपटांना आणि अलीकडच्या सगळ्यांना हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. ओटीटीची वर्गणी घरात पाहण्यासाठी असते, हॉलसाठी नाही. सार्वजनिक खेळाला सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्नही येतो. सोपा मार्ग म्हणजे १९५९ पासून काम करणाऱ्या फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न असलेल्या जवळच्या फिल्म सोसायटीला बरोबर घेणं. जुन्या भारतीय प्रतींसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करता येते. १९६४ साली सुरू झालेलं हे संग्रहालय आता एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) भाग आहे.

नंतर चर्चा घ्यावी का?

लगेच नको. श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे लावू नका आणि त्यानंतरही पाच मिनिटं कोणी माईक घेऊ नये. ‘तुम्हाला संदेश काय मिळाला?’ हा प्रश्न तर मुळीच विचारू नका. त्याने सगळं पुन्हा शाळेच्या फळ्यावर जातं. त्याऐवजी बारीक विचारा: कोणती वस्तू लक्षात राहिली? कोणता आवाज? कुठे चुळबूळ झाली आणि ती कधी थांबली? पंधरा-वीस माणसांच्या गटात या तीन प्रश्नांवर तास सहज जातो.

स्वतः असा लघुपट करायचा आहे. सुरुवात कशी करू?

आधी काय वगळायचं ते ठरवा. ड्रोनने घेतलेला डोंगर, धुक्यातून येणारी सूर्यकिरणं, उदबत्तीचा धूर, बासरी, ओंकार, मंद गती. यांतली प्रत्येक गोष्ट प्रेक्षकाला ‘आता इथे भारावून जा’ अशी खूण करते, आणि खूण कळली की माणूस भारावत नाही.

मग घरातलं एक रोजचं काम निवडा: दिवा घासणं, कणीक मळणं, आजोबांच्या औषधाच्या गोळ्या डबीत भरणं. कॅमेरा तिपायीवर, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. फोनने घेत असाल तर मुख्य लेन्स फार रुंद दिसते, कडा पसरतात. फोनवर दुप्पट जवळ नेणारी लेन्स असेल तर ती वापरा, ती साधारण ५० मिलिमीटरच्या जवळ जाते. ओझू आणि ब्रेसाँ दोघांनीही मुख्यतः ५० मिलिमीटरच वापरली. प्रकाश आणि फोकस कुलूपबंद करा, नाहीतर हात हलला की चित्र उजळतं-मावळतं. खिडकीचा उजेड पुरे.

पाच शॉट घ्या, त्याहून जास्त नको. काम खरंच पूर्ण करून घ्या, केल्यासारखं नको. शूटिंग संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीचा नुसता आवाज ६० सेकंद ध्वनिमुद्रित करा. संकलनात दोन शॉटच्या मध्ये पूर्ण निःशब्द जागा आली तर प्रेक्षकाला वाटतं की आवाज गेला. तिथे ही खोलीची शांतता भरायची असते.

संकलन करताना प्रत्येक शॉटचा ‘कळलं’ हा क्षण शोधा, जिथे पाहणाऱ्याला माहिती मिळून जाते. नेहमीचा कट तिथे असतो. तो तीन सेकंद पुढे ढकला, मग पाच, मग आठ. कुठेतरी असा बिंदू येतो की माणूस माहिती शोधणं सोडून नुसतं बघू लागतो. त्याच्यापुढे दोन सेकंद गेलं की तो घड्याळ बघतो. हा बिंदू गणिताने सापडत नाही. तीन वेगवेगळ्या माणसांना दाखवा आणि पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा.

देवाचा फोटो चौकटीत घ्यावा का? घरात असेल तर असू द्या, मुद्दाम आणून टांगू नका. आणि नटाला ‘शांत दिसा’ असं सांगू नका. त्याला सांगा, काजळी नखाने खरवडून काढा.

कोणत्या क्रमाने पाहू?

‘संत तुकाराम’, मग ‘अ मॅन एस्केप्ड’. दोन्हींत गोष्ट घट्ट आहे, कंटाळा येणार नाही. नंतर ‘लेट स्प्रिंग’, ‘विहीर’, ‘कालियामर्दन’चा उपलब्ध भाग, ‘ऑर्डेट’, ‘द डिसायपल’, ‘कांचनसीता’. तारकोव्हस्की शेवटी ठेवा. दोन चित्रपटांमध्ये आठवडाभर अंतर असू द्या. एका दिवशी दोन पाहिले तर दुसरा पहिल्याला पुसून टाकतो.

लहान मुलांना बरोबर बसवावं का?

‘संत तुकाराम’ आणि ‘कालियामर्दन’ला जरूर, सहा-सात वर्षांपासून पुढे. मुलं विमानावर खूश होतात आणि जिजाईवर त्याहून जास्त. ‘ऑर्डेट’ला बारा वर्षांखालचं मूल नको, बाळंतपणाचे आवाज त्याला घाबरवतील. ‘विहीर’ दाखवणार असाल तर शेजारी बसा आणि नंतर त्याने काही विचारलं तर उत्तर द्यायची घाई करू नका.